घर, चूल आणि हवा : सातारा-सांगली परिसरातील वायुवीजनाचा ऐतिहासिक विचार

१

निवारा म्हणजे बाहेरच्या हवेपासून संरक्षण; परंतु ज्या हवेपासून संरक्षण हवे असते, तीच हवा श्वासोच्छ्वासासाठी आतही यावी लागते. ऊन, पाऊस व थंडी यांना अडवावे म्हणून मनुष्य घर बंद करू पाहतो, आणि धूर, दमटपणा व कोंदटपणा यांना वाट मिळावी म्हणून त्याला ते उघडावेही लागते. गृहरचनेच्या इतिहासात या दोन गरजांचा झगडा सर्वत्र आढळतो. अलीकडे ऊर्जाबचतीच्या घरांची चर्चा सुरू झाल्यापासून हा प्रश्न आधुनिक तंत्रविद्येतून निघाला असावा, असा समज दृढ होऊ लागला आहे. वस्तुतः तो तितका नवा नाही. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या परिसरापुरता त्याचा मागोवा घ्यावयाचा आहे.

हा परिसर निवडण्यास कारण आहे. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. तत्पूर्वीचा हा विस्तीर्ण प्रदेश सह्याद्रीच्या माथ्यापासून माणदेशाच्या उजाड माळापर्यंत पसरलेला होता. महाबळेश्वरी वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेकडे माण, आटपाडी, जत या बाजूस तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात हवामानाचा एवढा पालट होत असल्यामुळे घरांचे प्रकारही बदलत गेले. शिवाय प्लेग, क्षय व चुलीचा धूर या तीन निमित्तांनी घरातील हवेचा प्रश्न या भागात तीन वेगवेगळ्या काळांत प्रकर्षाने पुढे आला. अशा सलग अभ्यासाची संधी अन्यत्र क्वचितच मिळते.

२

पूर्वेकडील कमी पावसाच्या भागातील पारंपरिक घर म्हणजे माळवदाचे घर. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया, त्यांवर आडव्या फळ्यांचा वा काटक्यांचा थर आणि त्यावर बडवून घट्ट केलेली पांढरी माती, अशी त्याची सामान्य रचना. या मातीचा थर जाड असल्याने दुपारचे ऊन आत पोहोचावयास कित्येक तास लागतात. तोवर बाहेर रात्र पडलेली असते. म्हणूनच उन्हाळ्याच्या दुपारी माळवदाखाली गारवा राहतो आणि हिवाळ्याच्या रात्री ऊब टिकते. आजच्या परिभाषेत ज्यास ऊर्जाबचतीचे घर म्हणतात, त्याचे एक तत्त्व येथे इंधनाच्या कणाविना साधलेले दिसते.

मात्र या घराला खिडक्या थोड्या. चोरांचे भय, उन्हाची झळ व मातीच्या भिंतीत मोठे भगदाड ठेवण्याची अडचण, अशी त्याची अनेक कारणे होती. ही उणीव माळवदात ठेवलेल्या साण्याने काही अंशी भरून काढली. साणे म्हणजे छपरातील उघडे भोक. उजेड आत यावा व धूर बाहेर जावा हा त्याचा हेतू, आणि पाऊस आला की ते वरून झाकावयाचे. त्याच्या कार्यामागील नियम साधा आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व वरच्या वाटेने निघून जाते. तिच्या जागी खालच्या दारातून थंड हवा येते. हा ओघ उंचीच्या व तापमानातील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. याचा अर्थ असा की, उंची दुप्पट केली तरी ओघ दीडपटीहून कमीच वाढतो, आणि खालून हवा यावयास वाट नसेल तर वरचे भोक कितीही मोठे केले तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही. साणे व उघडे दार ही एका व्यवस्थेची दोन अंगे होती.

पश्चिमेकडील जावळी, पाटण, महाबळेश्वर या मुलखात उतरते छप्पर अपरिहार्य होते. तेथे गवताने शाकारलेल्या वा कौलारू छपरातून हवा झिरपत असे. हाताने घडविलेली कौले एकमेकांवर कधीच घट्ट बसत नाहीत. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे यंत्राने कौले बनविण्याचा कारखाना काढला, आणि पुढे ही कौले दक्षिण महाराष्ट्रातही पसरली. ती अधिक नीट बसत असली तरी त्यांच्या फटींतूनही धूर वाट काढीत असे. संध्याकाळी छपराच्या साऱ्या अंगातून धूर निघताना दिसे, तो याचमुळे.

तिसरा प्रकार वाड्याचा. वाईजवळ मेणवली येथील नाना फडणविसांचा अठराव्या शतकातील वाडा सहा चौकांचा आहे. चौक हा केवळ शोभेचा वा प्रतिष्ठेचा भाग नव्हे. बाहेरच्या बाजूस जवळजवळ बंद असलेल्या इमारतीला आतल्या बाजूने आकाश उघडे करून देणारी ती योजना होय. सोपे, पडव्या व माड्या यांना उजेड व वारा चौकातून मिळे.

तथापि या जुन्या घरांचे गुणगान करताना एक सावधगिरी बाळगावयास हवी. चौकाचा वारा ज्या सोप्यावर खेळे, तेथे पुरुषमंडळींची बैठक असे. माजघर व स्वयंपाकघर मात्र घराच्या अंधाऱ्या अंगास. बाळंतिणीची खोली तर मुद्दाम बंद ठेवीत, आणि तीत शेकाशेगडीचे निखारे व ओवा-शेपेची धुरी चाले. एकाच घरात हवेची वाटणी विषम होती. घराच्या वायुवीजनाचा इतिहास लिहिताना ‘घरात हवा खेळती होती काय’ एवढे विचारून भागत नाही. ‘ती कोणासाठी खेळती होती’ हेही विचारावे लागते.

३

घरातील हवा हा सार्वजनिक चिंतेचा विषय झाला तो प्लेगमुळे. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेली ही साथ पुढील वर्षी दख्खनमध्ये शिरली आणि सातारा जिल्ह्यास तिने पुढे वारंवार ग्रासले. १८९१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख २६ हजार होती; १९०१ मध्ये ती सुमारे ११ लाख ४७ हजारांवर आली. या घटीस प्लेगबरोबरच १८९९-१९०० चा दुष्काळही कारण होता, हे विसरता कामा नये.

त्या वेळच्या सरकारी उपायांमागे एक विशिष्ट विचारसरणी होती. म्युनिक येथील पेटेनकोफर या शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये राहत्या घरातील हवेच्या शुद्धतेचे मोजमाप कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावरून ठरविले होते. हवेच्या हजार भागांत या वायूचा एक भाग, ही त्याची मर्यादा. दूषित, कोंडलेली हवा हीच रोगाची जननी, ही कल्पना इंग्रज आरोग्याधिकाऱ्यांत खोल रुजली होती. १८८२ मध्ये कॉखने क्षयाचा जंतू दाखवून दिल्यानंतरही ती एकाएकी मावळली नाही. त्यामुळे प्लेगच्या दिवसांत घरांवरील कौले उतरविणे, छपरांना भोके पाडणे, भिंतींना चुना लावणे, अंधाऱ्या खोल्या मोकळ्या करणे असे उपाय सर्रास योजिले गेले. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना त्यासाठी व्यापक अधिकार दिले होते. हे अधिकार वापरताना लोकभावनेची जी पायमल्ली झाली, तिची परिणती पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवरील हल्ल्यात झाली, हे सुविदितच आहे.

या साऱ्या खटाटोपाचा शास्त्रीय आधार मात्र चुकीचा होता. १८९८ मध्ये सिमों या फ्रेंच वैद्याने कराची येथील प्रयोगांवरून उंदरावरील पिसू रोग पसरवते असे प्रतिपादिले, आणि १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांनी ते निःसंशय सिद्ध केले. गाठीचा प्लेग कोंदट हवेने होत नव्हता. उलट जाड मातीच्या भिंती, माळवदाचे लाकूड, धान्याची बळदे व कणग्या या उंदरांना सोयीच्या होत्या. ज्या भिंतींमुळे घरात गारवा व ऊब राहत होती, त्याच भिंतींनी उंदरांना आसरा दिला.

गावकऱ्यांचा अनुभव या बाबतीत अधिक नेमका ठरला. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडावयाचे आणि रानात झोपड्या बांधून राहावयाचे, हे लोक लौकरच शिकले. हा उपाय हवेमुळे नव्हे, तर उंदरांपासून दूर गेल्यामुळे गुणकारी होता. तरीही त्याचा एक परिणाम घराविषयीच्या कल्पनेवर झाला: बंद घर धोक्याचे व मोकळे रान सुरक्षित, ही जाणीव पक्की झाली. पुढील पिढीने खिडक्यांचा आग्रह धरला, त्याची बीजे या अनुभवात शोधावी लागतात. चुकीच्या उपपत्तीतूनही एखादा हितकर पायंडा पडू शकतो, हे येथे दिसून येते.

४

दुसरा अध्याय क्षयरोगाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनी व स्वित्झर्लंडमध्ये उंच प्रदेशातील मोकळ्या हवेने क्षयावर उपचार करण्याची पद्धत रूढ झाली. भारतात तिला अनुकूल अशा ठिकाणांत पाचगणीची गणना होऊ लागली. सुमारे १,३०० मीटर उंचीवरील हे गाव महाबळेश्वराच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे तेथील हवा थंड, पण तुलनेने कोरडी. डॉ. रुस्तम बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये तेथे बेल-एअर हे आरोग्यधाम उभारले. इकडे मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले होते. त्यांच्याच प्रयत्नांतून १९२० च्या सुमारास सांगली-मिरज मार्गावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले, आणि त्या वस्तीस वॉनलेसवाडी हे नाव पडले.

अशा आरोग्यधामांची वास्तुरचना नेहमीच्या घराच्या अगदी उलट होती. लांबच लांब व्हरांडे, समोरासमोर उघडणाऱ्या रुंद खिडक्या, उंच छत आणि दोन खाटांमध्ये प्रशस्त अंतर, हे तिचे विशेष. येथे ऊब राखण्याला दुय्यम स्थान होते. हवा हेच औषध मानले गेले.

या समजुतीस पहिला धक्का बसला तो मद्रास येथील प्रयोगाने. १९५६ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात काही क्षयरोग्यांना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून दोन्ही गटांना तीच औषधे एक वर्ष देण्यात आली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, घरी राहिलेले रोगीही जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले. विश्रांती, सकस अन्न व डोंगरची हवा यांवाचूनही औषधाने काम केले. आरोग्यधामांचे युग यानंतर ओसरत गेले.

परंतु जवळपास त्याच वर्षांत बाल्टिमोर येथे रायली व त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने या प्रश्नाची दुसरी बाजू उजेडात आणली. क्षयरोग्यांच्या कक्षातील हवा नळांवाटे गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत नेली असता ते प्राणी क्षयाने बाधित झाले. क्षयाचा जंतू हवेतून पसरतो, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय. सारांश, मोकळी हवा रोग्यास बरे करीत नव्हती; पण ती जंतू विरळ करून शेजाऱ्यास मात्र वाचवू शकत होती. प्लेगच्या बाबतीत वायुवीजनाचा आग्रह गैरलागू होता. क्षयाच्या बाबतीत तो योग्य होता, परंतु त्याचे कारण वेगळे होते. २०२० च्या करोना साथीत बंद खोलीतील हवेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, तेव्हा जगाला व्हरांडे व समोरासमोरच्या खिडक्या यांचे महत्त्व नव्याने समजावून घ्यावे लागले.

५

प्लेग व क्षय यांच्या निमित्ताने राज्यकर्त्यांचे आणि वैद्यांचे लक्ष खिडकीकडे गेले. चुलीकडे ते फार उशिरा वळले. लाकूडफाटा, गोवऱ्या, तुरकाट्या आणि ऊस वाढल्यावर पाचट, हे या भागातील इंधन. या इंधनाचा धूर साण्यातून वा कौलांतून जाईल असे गृहीत धरले गेले होते. स्वातंत्र्योत्तर काळात घर बदलू लागले. माळवदाला दरवर्षी माती घालावी लागे, गळती थांबवावी लागे, लाकूड महागले. त्याच्या जागी पत्रा आला, मग सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब आला. डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने दगडमातीच्या भिंतींचा धोकाही जाणवून दिला. स्लॅब गळत नाही, त्यात उंदीर राहत नाहीत. त्याचे फायदे निर्विवाद होते. परंतु त्याला साणेही नसते आणि फटीही नसतात.

येथे या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा, आणि फारसा लक्षात न घेतला गेलेला, मुद्दा येतो. छप्पर आधी बदलले, इंधन मागाहून. कौलांखाली जी चूल पेटत होती तीच स्लॅबखाली पेटू लागली. मात्र धुराची जुनी वाट बुजली आणि नवी वाट करून दिली गेली नाही. घराची सुधारणा झाली असे ज्या काळात सर्वजण मानीत होते, त्याच काळात चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला येणारी हवा अधिक वाईट झाली असण्याचा पुष्कळ संभव आहे. डोळ्यांची जळजळ, जुनाट खोकला, दमा या गोष्टी वयोमानाच्या वा नशिबाच्या खाती जमा झाल्या.

चूल सुधारण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. वर्धा येथील मगनवाडीत १९४७ च्या सुमारास मगन चूल तयार झाली होती. धुराडे जोडलेल्या चुलीचा तो एक आरंभीचा नमुना. धुराचे प्रत्यक्ष मापन मात्र पुढे कित्येक वर्षांनी झाले. कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत केलेल्या आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्वयंपाकाच्या वेळी स्त्रियांच्या श्वासातील हवेत दर घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम धूलिकण आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्म कणांसाठी सुचविलेली चोवीस तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. ही दोन मापे अगदी समान प्रकारची नाहीत, कारण पहिल्यात जाड कणही मोडतात आणि ते केवळ स्वयंपाकाच्या वेळेपुरते आहे. तरीही अंतराची कल्पना येण्यास ती पुरेशी आहेत.

१९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो संपला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेतही धूररहित चुलीचा समावेश होता. म्हणजे बंद छपराला धुराडे हवे, हे शासनास तत्त्वतः मान्य होते. व्यवहारात धुराडी काजळीने भरत, फुटत, पावसात गळत, आणि एकदा मोडली की पुन्हा बसवावयास कोणी येत नसे. नव्या चुलीची आखणी करताना इंधनबचतीवर जेवढा भर होता तेवढा हवेवर नव्हता. बचतीसाठी ज्वाला कोंडली की ज्वलन अपुरे होऊन धूर वाढू शकतो, हे त्यातील तांत्रिक वर्म होय.

या क्षेत्रात सातारा जिल्ह्यातील फलटणचा वाटा विशेष नोंद घेण्याजोगा आहे. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापिलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत १९८१ पासून अनिल राजवंशी यांनी ग्रामीण घरातील दिवा व चूल यांवर काम केले. ‘नूरी’ हा कंदील, पाणी मिसळलेल्या इथेनॉलवर चालणारी शेगडी, आणि पुढे एकाच ज्योतीवर उजेड व स्वयंपाक दोन्ही साधणारे उपकरण, ही त्याची फळे. स्वच्छ ज्वलन झाले तर छपराला भोक पाडण्याची गरजच कमी होते, असा विचार त्यामागे दिसतो. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या पुण्याच्या संस्थेचेही फलटणला केंद्र आहे. शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा करण्याच्या तिच्या पद्धतीस २००२ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस खेडोपाडी नेला. तरी सिलिंडर महाग वाटला की पाणी तापविण्यास व भाकरी भाजण्यास चूल पुन्हा पेटते, आणि गळिताच्या हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्यांतून तर ती आजही पेटलेली दिसते.

६

आता प्रश्न नव्या घराचा. १९७३ च्या तेलटंचाईनंतर युरोप-अमेरिकेत उष्णता वाचविण्यासाठी घरे घट्ट बंद करण्यात आली, आणि काही वर्षांतच दमटपणा, बुरशी, रंग व फळ्यांतून निघणारी रसायने यांच्या तक्रारी पुढे आल्या. तेव्हा यंत्राने मोजून हवा आत-बाहेर करण्याची पद्धत स्वीकारावी लागली. भारतात निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ २०१८ मध्ये निघाली. भिंती व छपरांतून येणारी उष्णता मर्यादित ठेवावी असे ती सांगते. त्याचबरोबर उघडता येणाऱ्या खिडक्यादारांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किमान किती असावे, हेही हवामानानुसार ठरवून देते: थंड प्रदेशात सुमारे एक-द्वादशांश, उष्ण-कोरड्या प्रदेशात एक-दशांश, उष्ण-दमट प्रदेशात एक-षष्ठांश. जे माळवदाने जाड माती व साणे यांच्या जोडीने साधले होते, तेच येथे अंकांत मांडलेले आहे.

नियम व आचरण यांत मात्र अंतर राहते. सरकत्या खिडकीचे क्षेत्र कागदावर पूर्ण दिसले तरी ती उघडते निम्मीच. वातानुकूलन यंत्र बहुधा खोलीतीलच हवा थंड करून फिरविते, ताजी हवा आणीत नाही. पेटेनकोफरने सांगितलेली मर्यादा बंद शयनगृहात एका रात्रीत सहज ओलांडली जाते. सातारा, कराड, सांगली, मिरज या वाढत्या शहरांतील सदनिकांस चौक नाही, साणे नाही, आणि बऱ्याचदा समोरासमोरच्या खिडक्याही नाहीत.

उपरोक्त विवेचनावरून दोन निष्कर्ष संभवतात. पहिला असा की, या प्रदेशात घराच्या हवेचा विचार प्रत्येक वेळी एखाद्या संकटाच्या निमित्ताने झाला आणि संकट सरताच मागे पडला. त्यामुळे एका काळाचे शहाणपण दुसऱ्या काळाच्या बांधकामात उतरले नाही. दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. घर बंद करण्याचा लाभ साऱ्या कुटुंबास मिळाला, परंतु त्याची किंमत चुलीपुढे बसणारी स्त्री, अंधाऱ्या खोलीतील बाळंतीण व तिच्या कुशीतील मूल यांनी मोजली. ज्यांनी घराचा नकाशा आखला ते त्या धुरात बसत नव्हते. ऊर्जाबचतीच्या नव्या घरांचे मूल्यमापन करताना विजेची किती बचत झाली एवढ्यावरच न थांबता, त्या घरातील सर्वांत कोंदट कोपरा कोणता आणि तेथे दिवसाचे किती तास कोण घालविते, हे तपासण्याची जबाबदारी म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकांवरही येते. जुन्या वाड्यांच्या चौकांची मापे पुष्कळांनी घेतली आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरांची मापे घेण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.